सोआरेस आणि अटलांटिकचे देणे

३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत एका करारावर दोन परराष्ट्रमंत्र्यांच्या सह्या झाल्या. भारताच्या वतीने सही केली यशवंतराव चव्हाण ह्यांनी. पोर्तुगालच्या वतीने मारियो सोआरेस ह्यांनी. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली हे प्रदेश भारताचे भाग झालेले आहेत आणि भारतीय घटनेनुसार ते ज्या ज्या दिवशी सामील झाले त्या त्या दिवसापासून त्यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालला मान्य आहे, असा त्या कराराचा आशय होता. गोवा मुक्त होऊन तेव्हा तेरा वर्षे उलटली होती. परंतु सालाझारने आणि त्याच्या वारसाने आपल्या घटनेतून ‘भारतीय राज्य’ हे शब्द अखेरपर्यंत पुसले नव्हते. ते काम सोआरेस ह्यांच्या वाट्याला आले आणि त्यांनी ते कोणतीही खळखळ न करता उरकले.

सही करणाऱ्या ह्या दोघांत एक साम्य होते. दोघेही कायद्याचे पदवीधर, आणि दोघांनीही राजकारणाचे पहिले धडे तुरुंगात गिरवलेले. यशवंतरावांचे तुरुंग आपल्या वाचकांना ठाऊक आहेत. सोआरेस ह्यांचे तेवढे ठाऊक नाहीत. किंबहुना आपल्याकडे पोर्तुगालचा इतिहास सालाझारपाशीच थांबतो. त्यानंतर त्या देशाचे काय झाले ह्याविषयी, गोव्यातील काही घरे सोडली तर, फारशी जिज्ञासा आढळत नाही. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला ही उणीव अधिक जाणवते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी म्हणजे काय, हे वर्गात सांगताना लॅटिन अमेरिकेतील उदाहरणे दिली जातात, १९९१ साली आपण ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवले त्याचा उल्लेख होतो. परंतु एका नवजात लोकशाहीने दोनदा त्या दारात जाऊनही आपली लोकशाही कशी टिकवली, हे पाहायचे तर पोर्तुगालकडे पाहावे लागते.

सोआरेस ह्यांचा जन्म ७ डिसेंबर १९२४ रोजी लिस्बनमध्ये झाला. वडील एके काळचे धर्मोपदेशक. ती वस्त्रे उतरवून ते पहिल्या प्रजासत्ताकाच्या राजकारणात शिरले, मंत्री झाले, आणि ते प्रजासत्ताक १९२६ साली लष्कराने मोडून काढल्यानंतर पुढे त्यांनी शाळा काढली. त्या शाळेत काही काळ आल्वारो कुन्याल नावाचा एक तरुण शिकवीत असे. हाच कुन्याल पुढे पोर्तुगीज साम्यवादी पक्षाचा सर्वाधिकारी झाला आणि त्याचा विद्यार्थी सोआरेस त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी. तारुण्याच्या प्रारंभी सोआरेस स्वतःही साम्यवादीच होते. सालाझारच्या राजवटीत दुसरी कोणतीही विरोधी संघटना धड उभीच नसल्याने बाणेदार तरुणांना जाण्यासारखी जागा तेवढीच होती.

त्यांना बारा वेळा अटक झाली. सगळे मिळून सुमारे तीन वर्षे त्यांनी कोठडीत काढली. १९४९ साली अभिनेत्री मारिया बारोसो ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तोही ते तुरुंगात असतानाच. लिस्बनजवळच्या काशियश येथील ज्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले होते त्याच तुरुंगाने आपल्या मोहन रानडे ह्यांचीही उमेदीची वर्षे गिळली, हे येथे नमूद केले पाहिजे. गोव्याचे त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा पेनिशच्या किल्ल्यात होते. पोर्तुगीज लोकशाहीवादी आणि गोमंतकीय स्वातंत्र्यसैनिक ह्यांची ध्येये वेगळी होती, पण त्यांच्या कोठड्यांची किल्ली एकाच माणसाच्या खिशात होती.

सालाझारचा विरोधी उमेदवार म्हणून १९५८ ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे जनरल उंबेर्तो देल्गादो १९६५ साली स्पेनच्या सरहद्दीत गुप्त पोलिसांकडून मारले गेले. त्यांच्या कुटुंबाचे वकीलपत्र सोआरेस ह्यांनी घेतले. ह्या धाडसाची किंमत अर्थातच द्यावी लागली. मार्च १९६८ मध्ये त्यांना आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर हद्दपार करण्यात आले. सालाझारला मेंदूचा विकार जडून सत्ता कायतानोकडे गेल्यावर त्यांना परतता आले खरे. पण १९७० मध्ये पुन्हा परागंदा व्हावे लागले आणि त्यांनी फ्रान्समध्ये विद्यापीठात अध्यापन करून दिवस काढले. पोर्तुगालचा समाजवादी पक्ष जन्मला तोही परदेशात. १९ एप्रिल १९७३ रोजी, पश्चिम जर्मनीतील एका लहानशा गावी, मूठभर निर्वासितांच्या सभेत, विली ब्रांट ह्यांच्या पक्षाच्या आश्रयाखाली. एक वर्ष आणि सहा दिवसांनी लिस्बनच्या रस्त्यांवर रणगाडे आले, सैनिकांच्या बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी तांबडी फुले खोवली आणि अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही काही तासांत कोसळली. तीन दिवसांनी सोआरेस आगगाडीने लिस्बनला पोचले. काही आठवड्यांत ते परराष्ट्रमंत्री होते.

येथून पुढची कथा समजण्यासाठी अटलांटिक महासागराचा नकाशा समोर हवा. लिस्बनपासून पश्चिमेला सुमारे दीड हजार किलोमीटरवर अझोरेस हा पोर्तुगीज बेटांचा पुंजका आहे. त्यातील तेर्सेरा बेटावर लाजेश नावाचा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकेच्या लष्करी विमानांना हा तळ म्हणजे महासागरातले धर्मशाळेचे ओटेच. ह्या तळापायी सालाझारचे अनेक गुन्हे पोटात घातले गेले. एप्रिल १९४९ मध्ये ‘नाटो’ स्थापन झाली तेव्हा स्वातंत्र्य आणि लोकशाही ह्यांच्या रक्षणाची भाषा करणाऱ्या त्या करारावर सालाझारच्या पोर्तुगालचीही संस्थापक म्हणून सही होती! डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस ह्यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यासमवेत काढलेल्या संयुक्त पत्रकात पोर्तुगालच्या पूर्वेकडील ‘प्रांतां’चा उल्लेख केला आणि गोवा हा पोर्तुगालचा प्रांतच असल्याचे जणू मान्य करून टाकले. त्यावरून भारतात किती क्षोभ उसळला हे जुन्या वाचकांनी ऐकलेले असेल. तरीही डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा ‘नाटो’ धावून आली नाही, येऊही शकत नव्हती. करारानुसार संरक्षणाचा प्रदेश कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिकपुरता होता. मांडवी त्या रेषेच्या पुष्कळ खाली वाहते.

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अमेरिकेच्या इतर युरोपीय मित्रांनी विमाने उतरू देण्यास नकार दिला असता कायतानोने वॉशिंग्टनच्या दडपणापुढे मान तुकवून लाजेश खुला केला. त्याबद्दल अरब देशांनी पोर्तुगालचे तेल तोडले. तेव्हा पुढच्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि सरकारात साम्यवादी मंत्री बसले, ह्याने हेन्री किसिंजर ह्यांची झोप उडाली असल्यास नवल नाही.

ऑक्टोबर १९७४ मध्ये सोआरेस वॉशिंग्टनला गेले. तेथील भोजनप्रसंगीची हकिकत पुष्कळ ठिकाणी छापून आली आहे. किसिंजर ह्यांनी सोआरेस ह्यांना तोंडावर ‘तुम्ही केरेन्स्की ठराल’ असे सुनावले. लेनिनने ज्याला उधळून लावले तो रशियातला दुबळा मवाळ नेता केरेन्स्की. सोआरेस म्हणाले, केरेन्स्की व्हायची माझी मुळीच इच्छा नाही. किसिंजर उत्तरले, केरेन्स्कीची तरी कुठे होती! विनोद म्हणून हे ठीक आहे. परंतु त्यामागची नीती भयंकर होती. पोर्तुगाल साम्यवाद्यांच्या हाती गेला तर जाऊ द्यावा, त्या लशीने इटली आणि फ्रान्स तरी रोगमुक्त राहतील, असा विचार वॉशिंग्टनमध्ये खरोखर बोलला जात होता. नव्वद लाखांचा एक देश म्हणजे इतरांना टोचायची लस!

ही नीती बदलण्याचे श्रेय एका अमेरिकन माणसाला दिले पाहिजे. जानेवारी १९७५ मध्ये राजदूत म्हणून लिस्बनला आलेले फ्रँक कार्लुच्ची हे काही समाजवादाचे मित्र नव्हते. पुढे ते गुप्तहेर संघटनेचे उपप्रमुख आणि संरक्षणमंत्री झाले. परंतु त्यांनी देश हिंडून पाहिला आणि वॉशिंग्टनला सतत कळवले की येथील जनता मवाळ आहे, तिच्या बाजूने उभे राहा, तिला वाळीत टाकू नका. युरोपातून विली ब्रांट, ओलोफ पामे ही मंडळी तेच सांगत होती, पैसाही पाठवीत होती. साम्यवाद्यांना मॉस्कोकडून मदत मिळत होती आणि समाजवाद्यांना बॉनकडून. कोणाचेही हात ह्याबाबतीत अगदी कोरडे नव्हते, हे सोआरेस ह्यांच्या चाहत्यांनीही कबूल करावे.

परंतु निकाल पैशांनी लावला नाही, मतपेटीने लावला. २५ एप्रिल १९७५ रोजी घटना समितीची निवडणूक झाली. नव्वद टक्क्यांहून अधिक मतदान झाले. समाजवाद्यांना जवळजवळ ३८ टक्के मते मिळाली, साम्यवाद्यांना साडेबारा. तरीही सत्तेची सूत्रे डाव्या लष्करी अधिकाऱ्यांच्या हाती होती आणि क्रांतीची वैधता मतपेटीहून मोठी असे ते उघड म्हणत होते. जुलैमध्ये सोआरेस सरकारातून बाहेर पडले आणि त्यांनी लिस्बनमध्ये अफाट सभा घेतली. नोव्हेंबरच्या ६ तारखेला दूरचित्रवाणीवर ते आणि कुन्याल समोरासमोर बसले. एके काळचा शिक्षक आणि विद्यार्थी, आणि सारा देश श्रोता. तुम्हाला येथे हुकूमशाही आणायची आहे, असे सोआरेस म्हणाले की कुन्याल शांतपणे ‘पाहा हं, तसे नाही’ एवढेच म्हणत. पुढे तीन आठवड्यांच्या आत, २५ नोव्हेंबर रोजी, डाव्या पलटणींचे बंड फसले आणि लष्कर बराकीकडे वळले. जुलै १९७६ मध्ये नव्या घटनेखालील पहिले पंतप्रधान म्हणून सोआरेस ह्यांनी शपथ घेतली.

आता हिशेबाकडे वळू. माझ्या दृष्टीने खरी परीक्षा येथे सुरू होते. सालाझार स्वतः अर्थशास्त्राचा प्राध्यापक (ह्या व्यवसायबंधुत्वाचा मला अभिमान नाही). त्याने गरिबी तशीच ठेवून तिजोरीत सोने साठवले होते, आठशे टनांहून अधिक. क्रांतीनंतर तेलाच्या किमती चौपट झालेल्या, आफ्रिकेतील वसाहती गेलेल्या, तिथून पाच लाखांहून अधिक पोर्तुगीज बोचकी घेऊन मायदेशी परतलेले, फ्रान्स-जर्मनीत राबणाऱ्या मजुरांकडून येणारा पैसा आटलेला, बँका आणि मोठे कारखाने राष्ट्रीयीकृत. परकीय चलन संपले तेव्हा सालाझारचेच सोने गहाण टाकून नव्या लोकशाहीने गहू आणि तेल आणले. हुकूमशहाच्या कृपणतेचा असा उपयोग त्याच्या शत्रूंना व्हावा, ह्यात काव्यगत न्याय आहे.

सोआरेस ह्यांचे सरकार अल्पमतात होते. फेब्रुवारी १९७७ मध्ये एस्कुदोचे १५ टक्के अवमूल्यन झाले आणि ऑगस्टपासून दरमहा एक टक्क्याने त्याची किंमत घसरू देण्याचे धोरण आले. अमेरिकेच्या पुढाकाराने मित्रदेशांनी ७५ कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. येथे वाचकांनी थोडे थांबावे. हे कर्ज मैत्रीचे होते, पण त्याचा मोठा भाग मिळण्यासाठी नाणेनिधीशी करार झाला पाहिजे, ही अट होती. म्हणजे मित्राने हात पुढे करायचा आणि सावकाराने त्या हातावर पट्टी धरायची! त्या अटींना संसदेचा पाठिंबा मिळवण्याच्या प्रयत्नात डिसेंबर १९७७ मध्ये सोआरेस ह्यांचे सरकार विश्वासमताच्या ठरावावर पडले. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी उजव्या पक्षाशी हातमिळवणी करून दुसरे मंत्रिमंडळ बनवले, नाणेनिधीशी करार केला, आणि तेही मंत्रिमंडळ वर्ष पुरे होण्याआधी गेले.

जून १९८३ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले तेव्हा परिस्थिती अधिक बिकट होती. आदल्या वर्षीची चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १३ टक्के होती. सरकार येताच एस्कुदोचे १२ टक्के अवमूल्यन झाले, नाणेनिधीशी दुसरा करार झाला, व्याजदर चढले, अन्नावरील अनुदाने कापली गेली. १९८४ साली भाववाढीने जवळजवळ २९ टक्क्यांचा दर गाठला. पगारदारांना नाताळात मिळणाऱ्या जादा वेतनावरही विशेष कर बसला. आपल्याकडे दिवाळीच्या बोनसला कोणी असा हात लावला तर कार्यालयांत काय बोलले जाईल ह्याची कल्पना करावी. सेतुबाल ह्या कारखान्यांच्या गावात कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले, आणि तेथील बिशपने लोक उपाशी आहेत हे जाहीरपणे सांगितले. सोआरेस समाजवादी होते. पक्षाच्या झेंड्यावर मूठ होती आणि हातात कात्री.

टीकाकारांनी म्हटले, ह्या माणसाने समाजवाद पेटीत घालून कुलूप लावले. तो आरोप मी झटकून टाकणार नाही. ताळेबंद सुधारला हे खरे; १९८५ पर्यंत चालू खाते जवळजवळ तोलाला आले. परंतु ताळेबंदाच्या त्या सुधारणेची रक्कम सेतुबालच्या गोदी कामगारांच्या खिशातून वसूल झाली होती. लाजेश वापरणाऱ्यांच्या किंवा कर्ज देणाऱ्यांच्या खिशातून नव्हे. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले होते, “सर, मग त्यांनी पैसे नाकारायचे होते का?” नाकारून गहू कुठून येणार होता, हे मी त्याला विचारले. आम्हा दोघांकडेही पुरे उत्तर नव्हते. माझे मत एवढेच की सोआरेस ह्यांनी हे दुखणे लपवले नाही, आणि त्यासाठी लोकांनी दिलेली शिक्षा मुकाट्याने घेतली. ऑक्टोबर १९८५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाची मते २१ टक्क्यांच्याही खाली गेली.

ह्या सगळ्या कडू औषधामागे एक हेतू होता, तो म्हणजे युरोपीय समुदायात प्रवेश. मार्च १९७७ मध्ये त्यांच्याच सरकारने अर्ज केला होता. १२ जून १९८५ रोजी लिस्बनच्या जेरोनिमोस मठात, ज्या वास्तूत वास्को द गामाची समाधी आहे तेथे, प्रवेशाच्या करारावर सोआरेस ह्यांनी सही केली. पाच शतके समुद्राकडे तोंड करून बसलेला देश त्या दिवशी वळून जमिनीकडे पाहू लागला. तथापि समुद्रापलीकडचे नाते त्यांनी तोडले नाही. त्याच वर्षी, त्यांच्याच मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत, लाजेशच्या मोबदल्यात येणाऱ्या अमेरिकन पैशातून पोर्तुगीज-अमेरिकन विकास प्रतिष्ठान स्थापन झाले. शिष्यवृत्त्या, संशोधन, विद्यापीठांची देवाणघेवाण असे त्याचे काम. त्या मंत्रिमंडळातील भागीदार पक्षाचे मंत्री रुई माशेते पुढे १९८८ ते २०१० अशी बावीस वर्षे त्या प्रतिष्ठानचे अध्यक्ष होते. विमानतळाच्या भाड्यातून शिष्यवृत्त्या निघाव्यात, ही कल्पना मला तरी ह्या संबंध व्यवहारातली सर्वांत शहाणपणाची वाटते.

१९८६ च्या आरंभी अध्यक्षपदाची निवडणूक आली. पहिल्या फेरीत त्यांना २५ टक्के मते पडली, उजव्या उमेदवाराला ४६. दुसऱ्या फेरीत साम्यवाद्यांची मते निर्णायक ठरणार होती. कुन्याल ह्यांनी अनुयायांना सांगितले की हवा तर मतपत्रिकेवरचा सोआरेसचा चेहरा एका हाताने झाकून घ्या आणि दुसऱ्या हाताने शिक्का मारा. ५१ टक्क्यांनी ते निवडून आले. साठ वर्षांत लष्करी पेशाबाहेरचा हा पहिलाच राष्ट्राध्यक्ष. १९९१ साली फेरनिवडणुकीत त्यांना ७० टक्के मते मिळाली, आणि जानेवारी १९९२ मध्ये दिल्लीच्या प्रजासत्ताकदिनी ते आपले प्रमुख पाहुणे होते.

त्यांच्या खात्यावर काळी बाजूही आहे. आफ्रिकेतील वसाहती घाईघाईने सोडल्या, अंगोलात २००२ पर्यंत यादवी चालली, पूर्व तिमोर इंडोनेशियाने गिळले, आणि परतलेल्या पोर्तुगिजांपैकी पुष्कळांनी त्यांना कधीच क्षमा केली नाही. लढायला तयार नसलेल्या सैन्याच्या जोरावर वाटाघाटी ताणता येत नाहीत, हा त्यांचा बचाव मला पटतो. तिमोरच्या बाबतीत मात्र अपुरा वाटतो. आणि त्यांना थांबावे कधी हे कळले नाही. २००६ साली, एक्याऐंशीव्या वर्षी, ते पुन्हा अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि १४ टक्के मतांवर तिसरे आले.

अमेरिकेच्या ह्या जुन्या मित्राने २००३ मध्ये मात्र आश्चर्य वाटावे असे काही केले. मार्चच्या १६ तारखेला त्याच लाजेश तळावर बुश, ब्लेअर आणि अझ्नार ह्यांना पोर्तुगालचे पंतप्रधान दुराव बारोसो ह्यांनी एकत्र बसवले आणि चार दिवसांत इराकवर बाँब पडू लागले. सोआरेस ह्यांनी ह्या युद्धाला उघड विरोध केला. पुढे २०११ नंतर नाणेनिधी आणि युरोपीय संस्था तिसऱ्यांदा अटी घेऊन लिस्बनला आल्या तेव्हाही ते कडाडून विरोधात गेले. १९८३ साली स्वतः कात्री चालवणाऱ्याने हे बोलावे काय, असे त्यांना विचारले गेले. प्रश्न गैरलागू नव्हता. पण १९८३ साली एस्कुदो त्यांच्या हातात होता, अवमूल्यन करून निर्यात वाढवता येत होती. २०११ साली देशाला स्वतःचे चलनच उरलेले नव्हते, आणि ज्या युरोपसाठी त्यांनी ते सारे सोसायला लावले तोच युरोप आता सावकाराच्या खुर्चीत होता.

७ जानेवारी २०१७ रोजी लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले. शासकीय इतमामाचा सोहळा जेरोनिमोस मठातच झाला. त्या दिवशी पोर्तुगालचे पंतप्रधान तेथे नव्हते. सोआरेस ह्यांच्याच पक्षाचे आंतोनियो कॉश्ता, मूळच्या गोमंतकीय घराण्यातील लेखकाचे पुत्र, तेव्हा भारताच्या शासकीय दौऱ्यावर होते. बंगळूरला त्यांना भारतीय वंशाच्या नागरिकाचे ओळखपत्र देण्यात आले होते, आणि दौरा आवरण्यापूर्वी ते मडगावला आपल्या पूर्वजांच्या घरी जाऊन आले.